झरणीतला हात

कोहिनूर गावच्या सत्यभामाबाई साठीला टेकेपर्यंत माहेर, सासर आणि बसवकल्याणचा बाजार यापलीकडं फारशा कुठं गेल्या नव्हत्या. मग कर्नाटक सरकारनं बायकांना बस फुकट केली, आणि त्यांची धाकटी जाऊ विजयश्री एका सकाळी डबा बांधून दारात उभी राहिली.

"अक्का, उठा. हुमनाबादचा वीरभद्र बघू अन् दिवेलागणीला माघारी येऊ."

तेव्हापासून दर पंधरा-वीस दिवसांनी दोघींची फेरी ठरलेली. आधार कार्ड दाखवायचं, शून्याचं तिकीट घ्यायचं, खिडकीशी विजयश्री आणि तिच्या शेजारी सत्यभामाबाई. माणिकनगर झालं, बिदरचा किल्ला झाला, कलबुर्गीचा शरणबसवेश्वर झाला. याच तिकिटावर थेट मंगळूरचा समुद्र गाठता येतो म्हणे. पण दिवसात परतणं होत नाही, म्हणून विजयश्री हळहळायची. रात्रीला आपल्या घरी पाठ टेकायची, हे त्यांनी मनाशी धरलेलं होतं.

एक जागा तेवढी राहिली होती, बिदरची झरणी. डोंगराच्या पोटातलं भुयार, त्यात छातीइतकं पाणी, आणि त्या पाण्यातून चालत गेल्यावर टोकाला नरसिंहाचं दर्शन. सत्यभामाबाईंना लहानपणापासून पाण्याचं भ्या.

"मी पुढं चालते, तुमी माझा हात धरा. कामून भ्यायलाव?" विजयश्री म्हणायची.

"बघू पुढच्या खेपेला."

असं तीनदा झालं. श्रावणात विजयश्रीला कावीळ झाली आणि आठ दिवसांत माणूस गेलं. शेवटच्या दिवशी तिनं डोळे उघडले ते जावेकडं बघून. "अक्का, झरणी राह्यली की हो," एवढंच म्हणाली.

ते बोलणं बाईंच्या छातीत रुतून बसलं. घास गिळताना आठवायचं, देवापुढं हात जोडले की आठवायचं. शेवटी कार्तिकातल्या एका सोमवारी त्यांनी कोरडं लुगडं पिशवीत घातलं आणि घरात सांगून एकट्याच निघाल्या.

झरणीच्या तोंडाशी त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि पाण्यात पाय घातला. गुडघा, कंबर, मग छाती. वर दगडाला वटवाघळं लोंबत होती. त्यांचा उग्र वास, ओल्या कातळाचा वास, कापराचा वास, सगळा एकात एक कालवलेला. पुढच्या घोळक्यातलं कुणी "गोविंदा" म्हणालं की तो आवाज भुयारातून लांब जायचा आणि बऱ्याच वेळानं परत यायचा. दिवे होते, पण अंतरा-अंतरावर. एक दिवा मागं पडला की दुसरा येईतो काळोखाचा पट्टा लागायचा.

अशाच एका पट्ट्यात बाईंचा पाय सरकला. त्या ओरडणार, तेवढ्यात पाण्याखालून कुणीतरी त्यांचा हात धरला.

घट्ट धरला, बोटांत बोटं गुंतवून. पुढचा घोळका केव्हाच दिव्याखाली पोचला होता. मागची माणसं लांब होती. बाईंच्या आजूबाजूला कुणी दिसत नव्हतं.

"विजू…?" त्या पुटपुटल्या.

हातानं हळूच दाबलं, ऐकू आल्यासारखं.

नवल म्हणजे बाईंची भीती तिथंच सरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या लहान पोरीसारख्या त्या हातामागं चालत होत्या. दिव्याखाली आल्यावर त्यांनी खाली बघितलं. पाणी काळंभोर, काही दिसेना. हात मात्र होता.

टोकाला पोचून त्यांनी दर्शन घेतलं. "विजू, फिटलं गं तुझं," असं म्हणून त्या माघारी वळल्या. हात वळला नाही. तो तिथंच थांबून बाजूला ओढत होता… जोरात नव्हे, पण सारखा… जिथं नुसता कातळ होता तिकडं.

"मला घरी जायचं हाय, विजू."

ओढ थांबली नाही. पाणी हनुवटीला लागलं.

"राग धरलीस व्हय माझ्यावर? चुकलं माझं… चल, तूबी चल. माझ्यासंगं घरी चल."

हात सुटला.

दुपारच्या बसमध्ये कोरडं लुगडं नेसून बाई बसल्या, सवयीनं खिडकीची जागा मोकळी सोडून. कंडक्टर रेवणसिद्ध तोंडओळखीचा. एक बाई खिडकीशी बसायला गेली आणि चटकन उठली. "अगं बाई, सीट चिंब हाय की!" रेवणसिद्धनं फडक्यानं ती पुसून काढली. हुमनाबादला एक मास्तर चढले, तेही बसले तसे उठले. रेवणसिद्धनं छताकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं.

"अक्का, तुमची पिशवी गळायलीय काय?"

"न्हाई बा. ती तर माझ्या पायाशी हाय."

त्या गालात हसल्या. श्रावणापासून पहिल्यांदाच त्यांना गाढ डुलकी लागली.

दिवेलागणीला त्या घरी पोचल्या. सोप्यात राघोबा बसले होते, विजयश्रीचे मालक. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता राघोबांनी उपरण्यानं डोळे टिपले.

"तिचाच हात, वैनी. दुसरं कोण धरील तुमाला?… कोन्ता हात व्हता?"

"उजवा. बोटांत बोटं घालून धरलती, ही बघा अशी…"

दाखवायला म्हणून बाईंनी आपली बोटं गुंतवली, आणि त्या तशाच राहिल्या.

बारा वर्षांपूर्वी कडबा कापायच्या यंत्रात विजयश्रीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. इतक्या वर्षांत नजरेला सवय होऊन गेली होती, आणि त्या गारठ्यात, काळोखात, बाईंच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

राघोबांचं उपरणं तोंडापाशीच थांबलं.

"पाची व्हती, भावजी…" बाई अगदी हळू म्हणाल्या. "पाची."

तेवढ्यात तुळशीपुढं दिवा लावून सून आत आली. स्नेहा तिचं नाव, तीन वर्षं विजयश्रीच्या हाताखाली या घरात वावरलेली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुमच्यासंगं आलेल्या बाई कोण हायत? कवाच्या अंगणात हुभ्या हायत… आत या म्हणलं, तर बोलंनात. नुसत्या पदर पिळायल्यात."