गप्प बसलेलं जनुक

"थांबा!"

मिरजेच्या कॉलेजात मी इतक्या मोठ्यानं पहिल्यांदाच ओरडले असेन. शेजारच्या प्रयोगशाळेतला सयाजी माझ्या यीस्टच्या एकवीस प्लेट्स ऑटोक्लेव्हच्या वाफेत मारून टाकायला निघाला होता.

"आवं मॅडम, लाल डाग पडलेत. बाहेरचं यीस्ट शिरलंय... आज फ्रीज साफ करायची पाळी माझी हाय."

"शिरलेलं नाही. माझंच आहे ते."

मी प्लेट उजेडाकडे धरली. पांढऱ्या ठिपक्यांत लाल पाकळ्या उमटल्या होत्या.

"प्रत्येक ठिपका म्हणजे एकाच पेशीची लेकरं. जनुकही सगळ्यांत तेच. पण काही पेशींत प्रथिनांचा एक गट त्याच्यावर ठाण मांडून बसतो, डीएनएची गुंडाळी घट्ट करतो. मग जनुक वाचताच येत नाही. ते गप्प झालं, की पेशी लाल."

"म्हंजे मेलं?"

"छे, शाबूत असतं. गटातलं एक प्रथिन काढलं, तरी बोलायला लागतं."

त्यानं नजर प्लेटवरून माझ्याकडे वळवली. "आन् तुमच्यावर कोण बसलंय?"

मला हसू आलं... मी प्लेट परत फ्रीजमध्ये ठेवली.

मग तो रोज चारला यायचा — रंग किती चढला ते बघायला. कडेगावचा ऊस, आईचे टोमणे, सगळं सांगायचा. मी ऐकायची. अजूनही आंबलेल्या पिठाचा वास आला, की प्रयोगशाळेची ती खिडकी आठवते, तिच्या कट्ट्यावरचे चहाचे दोन ग्लास आठवतात.

जूनमध्ये त्याला शिरवळला नोकरी लागली. रविवारी घरचे त्याच्यासाठी मुलगी बघायला जाणार होते. तेही त्यानंच सांगितलं, माझ्याकडे बघत. मिरज स्टँडवर एसटीत चढताना म्हणाला, "काय सांगायचं हाय का?"

ओठांशी आलं होतं...

"पोचल्यावर फोन करा."

"लय बोललासा!" तो हसला. गाडी गेली.

मी तिथंच बाकावर बसून राहिले. अर्ध्या तासानं फोन वाजला.

"पोचलो."

"शिरवळला?"

"सांगलीला. कुठं पोचल्यावर ते तुमी सांगितलंच न्हाई की."

मी बाकावरून उठले. "सयाजी... रविवारी मुलगी बघायला जाऊ नका."

"का?"

"मी आहे म्हणून."

पलीकडे काहीच नाही. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच गप्प झाला होता.

"हॅलो...?"

मग लांबून कंडक्टरचा आवाज आला — "आवं पाव्हणं, तिकीट शिरवळचं हाय तुमचं! हितं कुठं उतरताय?"