एकच पाहुणा

त्या दिवशी खुर्चीत बसायचं होतं शाळेच्या शिपायाला, इस्माईलकाकांना. पण तांता शहरावर सकाळपासून पाऊस धरला होता, बोळाबोळांत चिखल झाला होता आणि काकांचा पत्ता नव्हता. नशवाची बाकी सगळी तयारी होती. चहा उकळून झाला होता, काचेच्या पेल्यात ओतून झाला होता, साखर ढवळून झाली होती. पेला ट्रेमध्ये, ट्रे दुआच्या हातात. नव्हता तो फक्त पाहुणा.

तेवढ्यात दार ढकलून एक उंच, सडसडीत तरुण आत डोकावला. केसांतून पाणी निथळत होतं.

"खडू मिळेल का? वरच्या वर्गात एकही नाही."

"बसा," नशवा म्हणाली.

"नाही, मला फक्त खडू—"

"देते. आधी त्या खुर्चीत बसा. ही चहा देईल तो घ्या. आणि हात आपणहून पुढे करू नका... ती पोचेपर्यंत थांबा."

तो मुकाट्याने बसला. दुआ निघाली. पाच पावलांचं अंतर. पण तिला ते पाच गावांसारखं होतं. जीभ दातांत धरून, पेल्यावरची नजर न हलवता ती आली, ट्रे पुढे केला आणि जडशा जिभेनं म्हणाली, "चहा घ्या."

त्याने पेला उचलला, एक घोट घेतला आणि घरच्या वडीलधाऱ्या बायकांना म्हणावं तसं म्हणाला, "तुझे हात सलामत राहोत."

दुआला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. ती हसायला लागली ती थांबेचना. तोही हसला. नशवाला मात्र खडूचा डबा कुठे ठेवलाय तेच आठवेना.

त्याचं नाव वजीह. तो आणि नशवा एकाच कॉलेजात शिकत होती, विशेष मुलांच्या शिक्षकांचा अभ्यासक्रम. पण तुकड्या वेगळ्या, त्यामुळे तोंडओळखही नव्हती. शेवटच्या सहामाहीत प्रत्येकाला या शाळेत काम नेमून दिलेलं. वजीहकडे वरच्या मजल्यावरची नऊ कर्णबधिर मुलं होती. नशवाकडे एकटी दुआ, सतरा वर्षांची, डाऊन सिंड्रोम असलेली, आणि तिला शिकवायचं एकच कौशल्य. ते कौशल्य दुआच्या आईनेच मागून घेतलं होतं. घरी कोणी आलं, की दुआला आतल्या खोलीत बसवावं लागतं, असं ती खाली मान घालून सांगत होती. पाहुण्यांपुढे तिने बाहेर यावं, हातात काहीतरी घेऊन यावं, एवढीच तिची इच्छा होती.

म्हणून चहा. आणि तोही उलटा.

उलटा कसा, ते वजीहने दुसऱ्या दिवशी विचारलं. दुसऱ्या दिवशी तो आपणहूनच आला होता. खडू संपला का, असं नशवाने विचारल्यावर म्हणाला, खडू पुष्कळ आहे, तहान लागली होती. त्याच्या तुकडीत ही रीत शिकवून झाली होती, पण त्याला ती नशवाकडून ऐकायची होती, हे तिला पुष्कळ उशिरा कळलं.

नशवाने सांगितलं ते तिच्या मनातलं होतं. लहानपणी वडील तिला दर गुरुवारी सय्यद बदवींच्या मशिदीच्या अंगणात घेऊन जात. तिथे एक म्हातारे शेख पैगंबरांच्या कथा गाऊन सांगत. ओळ उचलत, चढवत, आभाळाला लावत, आणि शेवटच्या शब्दाशी येऊन गप्प होत. तो शब्द सगळं अंगण म्हणे. खरबूजवाला म्हणे, घसा बसलेला म्हातारा म्हणे, सहा वर्षांची नशवाही म्हणे, आणि डोळे पुसत घरी जाताना प्रत्येकाला वाटे, आज मीच गायलो. देवाचं नाव असं ओठांवर आयतं ठेवलं जातं, तेव्हा कोणी अडाणी राहत नाही.

"तसंच हे," ती म्हणाली. "पाणी मी ठेवते, चहा मी करते, शेवटचं पाऊल तिचं. ते जमलं की त्याच्या आधीचं. पहिल्याच दिवसापासून चहा तिनेच दिलेला असतो."

वजीहने रिकामा पेला खाली ठेवला. "मग मी रोज येऊन तुमचं गाणं पुरं करत जाऊ?"

"तुम्ही नुसतं बसा," नशवा म्हणाली. कान तापले होते, ते ओढणीखाली झाकलेले होते म्हणून बरं.

आणि तो रोज बसला. मधल्या सुट्टीत, बरोबर अकराला. दुसऱ्या आठवड्यात दुआ साखर ढवळायला शिकली, तिसऱ्यात घालायला. किती चमचे, असं तिने विचारल्यावर वजीहने तीन सांगितले. दुआच्या लेखी तीन आणि पाच यांत फारसा भेद नव्हता. पाकासारखा चहा तो शेवटच्या थेंबापर्यंत पिई. बहिऱ्या मुलांत राहून त्याला बोलताना हात हलवायची सवय लागली होती. "पाऊस" म्हणताना बोटं खाली झरत, "उद्या" म्हणताना अंगठा पुढे जाई. नशवा त्याचं बोलणं ऐकायच्या ऐवजी बघायला लागली. एकदा तो म्हणाला, तुमचं लक्ष नाहीये. ती म्हणाली, आहे की... सगळं तिथेच आहे. आणि मग दोघंही दुआच्या चमच्याकडे फार लक्ष देऊन पाहू लागली.

रोजच्या नोंदवहीत एक रकाना असे, "पाहुणा". सुरुवातीला ती त्याचं पूर्ण नाव लिही, वडिलांच्या नावासकट. पुढे नुसतं "वजीह". पुढे पुढे नुसता "व".

त्यांच्या मार्गदर्शक सफियाबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. पाहुणा बदल, असं त्यांनी बजावलं. नशवा म्हणाली, दुआ आत्ता कुठे रुळतेय, पुढच्या आठवड्यात बदलते. पुढच्या आठवड्यात गॅस पेटवायचं पाऊल आलं. एका वेळी दोन नव्या गोष्टी नकोत, असं ती म्हणाली. मग वाऱ्याने धूळ उठली, मग काकांचा गुडघा धरला. कारणं कमी नव्हती.

परीक्षा मार्चमध्ये झाली. कैरोहून परीक्षक इक्बालबाई आल्या, जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्या पाहुण्याच्या खुर्चीत बसल्या, सफियाबाई भिंतीशी. नशवा हात मागे बांधून उभी.

दुआने पाणी ठेवलं. पत्ती घातली. उकळी येऊन फेस चढेपर्यंत ओठ हलवत थांबली. पेल्यात ओतलं, एक थेंब सांडला नाही, साखर घालून ढवळली. ट्रे उचलून ती खुर्चीकडे वळली, आणि थांबली. खुर्चीकडे पाहिलं. इक्बालबाईंकडे पाहिलं.

"पाहुणा नाही," ती म्हणाली, आणि दारातून बाहेर पडली.

जिन्याला अठरा पायऱ्या होत्या. ट्रे घेऊन जिना चढायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. नशवा मागोमाग, हात तसेच पाठीशी, जीव मुठीत. तिच्यामागे सफियाबाई, सगळ्यांत शेवटी धापा टाकत इक्बालबाई. दुआ एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर गेली, कर्णबधिरांच्या वर्गात शिरली आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या वजीहपुढे ट्रे धरला.

"चहा घ्या."

त्याने घेतला. दुसरं काय करणार होता?

इक्बालबाईंनी दाराच्या चौकटीला टेकून दम घेतला. मग नोंदवही उघडली, एक एक पान उलटत गेल्या.

"अठ्ठावीस दिवस," त्या म्हणाल्या, "आणि पाहुणा एकच. मुलीला चहा द्यायला शिकवलंत, पण एकाच माणसाला. माणूस बदला, जागा बदला, हे तुम्हांला पहिल्या महिन्यात शिकवतात. तुम्ही हुशार आहात, विसरला नसाल. मग का नाही बदलला?"

धूळ, गुडघा, गॅस, सगळी कारणं नशवाच्या तोंडाशी आली. समोर दुआ उभी होती, रिकामा ट्रे छातीशी धरून, काम फत्ते झाल्याच्या आनंदात.

"कारण..." नशवा म्हणाली, "कारण मला तो रोज यायला हवा होता."

वजीह पेला धरून तसाच उभा राहिला. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात हलवून काहीतरी म्हटलं. त्याचा चेहरा कपाळापर्यंत लाल झाला. एकही शब्द ऐकू न येणाऱ्या त्या नऊ जणांना सगळं समजलं होतं. इक्बालबाईंनी वही मिटली.

निकाल सरळ होता. नापास नाही, पासही नाही. पंधरा दिवस, रोज नवा पाहुणा. वजीहने दुआसमोर यायचं नाही. शेवटच्या दिवशी दुआने कधीही न पाहिलेला माणूस खुर्चीत असेल. त्याला तिने चहा दिला तर ठीक. नाहीतर नशवाचं वर्ष पुन्हा.

नशवाला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. चारचौघांत मन उघडं पडलं, ते तर पडलंच. पण "पाहुणा नाही" हे शब्द तिच्या कानांतून जाईनात. एका आईने, लेक जगापुढे यावी म्हणून तिला हवाली केली होती. आणि नशवाने तिला शिकवलं काय, तर जगात माणूस एकच आहे. तिचं स्वतःचं वेड तिने त्या पोरीच्या डोक्यात भरलं होतं. त्या रात्रीच्या नमाजात तिने देवाकडे नोकरी मागितली नाही, वजीहही मागितला नाही. ही चूक निस्तरायला पंधरा दिवस पुरू देत, एवढंच मागितलं.

पहिले तीन दिवस दुआ ट्रे घेऊन जिन्याशी जाऊन उभी राहायची. पहिल्या दिवशी इस्माईलकाका खुर्चीत बसून बसून पेंगायला लागले, पुढचे दोन पाहुणे वाट पाहून निघून गेले. चौथ्या दिवशी तिने शाळेच्या स्वयंपाकिणीला चहा दिला, रागावून. मग बसचा ड्रायव्हर, फुटाणेवाला, मशिदीतले ते म्हातारे शेखही एकदा येऊन बसले. वजीह मागच्या दाराने यायचा, मागच्याच दाराने जायचा. एवढं नशवा बोलून बसली होती, आणि त्याचा ना होकार, ना नकार, ना एक चिठ्ठी. तिनेही विचारलं नाही. तिने ठरवलं, आपलं बोलून झालंय.

पंधराव्या दिवशी सकाळी व्हरांड्यात एक धिप्पाड बाई बसलेली दिसली. काळा पायघोळ झगा, मांडीवर टोपली.

"चहा प्यायला बोलावलेली ती मीच," बाई म्हणाली. "हज करून आले तेव्हापासून सगळ्यांची हाज्जा फौकिया. वजीहची आई."

नशवाने घाईने सलाम केला.

हाज्जा आपल्याच तंद्रीत बोलत राहिल्या. अनोळखी माणूस हवा म्हणून सफियाबाई विचारत होत्या, तेव्हा पोराने आईचं नाव पुढे केलं म्हणे. एक कप चहासाठी महल्ला गावाहून तांत्याला यायचं, मी काय खुळी आहे? दोन महिने झाले, शुक्रवारी घरी येतो आणि माझ्या चहाला साखर कमी म्हणतो. तीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. तेव्हाच ओळखलं. असं म्हणून त्यांनी नशवाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि टोपली उचलून आत गेल्या.

इक्बालबाई भिंतीशी बसल्या होत्या. दुआने चहा केला. ट्रे घेऊन वळली, दोन पावलं आली आणि थबकली. खुर्चीत कधी न पाहिलेली एवढी मोठी बाई. ट्रे एका बाजूला कलला, चहा काठावरून ओघळला. दुआची नजर दाराकडे गेली, जिन्याकडे.

तीस वर्षं पाहुण्यांची उठबस केलेले हाज्जांचे हात. ते मांडीवर राहतील कसे? "आण गं इकडे, पोळशील," म्हणत त्या अर्ध्या उठल्याच. दोन्ही हात ट्रेकडे निघाले. ट्रे त्यांनी घेतला असता, तर संपलंच असतं. शेवटचं पाऊल दुआचं राहिलं नसतं. आणि आज, या बाईला, या दिवशी काही बोलायचं म्हणजे...

"हाज्जा, खाली बसा," नशवा म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून करडा निघाला. "हात मांडीवर ठेवा. ती देईल."

हाज्जा फौकियांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्या बसल्या. हात मांडीवर ठेवले.

पाठीमागे बांधलेल्या हातांची बोटं नशवाने इतकी आवळली, की ती पांढरी पडली. दुआने दाराकडे पाहिलं, हाज्जांकडे पाहिलं, त्यांच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. मग ट्रे सरळ केला. एक पाऊल. आणखी एक. आणखी एक.

"चहा घ्या," ती म्हणाली.

हाज्जांनी घोट घेतला. "साखर किती घातलीस, बये?"

"तीन."

"ही तीन?" हाज्जा म्हणाल्या, आणि सगळा पेला रिकामा केला.

इक्बालबाईंनी सही करून वही नशवाकडे सरकवली. पाहुण्याच्या रकान्यात या वेळी पंधरा नावं होती, सगळी पूर्ण लिहिलेली.

व्हरांड्यात नशवा माफी मागायला लागली, तसं हाज्जांनी हात उडवला. माझ्या नवऱ्यानेसुद्धा मला कधी खाली बस म्हटलं नाही, त्या म्हणाल्या. घरात थोरली सून आहे ती मी उठले की उठते, मी बसले की बसते. कंटाळा आलाय मला तिचा. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "शुक्रवारी तुझे वडील घरी असतात का?"

"नमाजानंतर असतात."

"बरं. हा खाली आवारात उभा आहे बघ. त्याला अजून काय सांगायचंय ते सांगू दे. मी टोपलीपाशी बसते, माझे कान काही फार तिखट नाहीत."

व्हरांड्याच्या पायऱ्यांखाली वजीह उभा होता. हात खिशात कोंबलेले. नशवा शेवटच्या पायरीवर थांबली.

"पंधरा दिवस," ती म्हणाली. "एक शब्द नाही."

"सफियाबाईंनी सांगितलं होतं ना, समोर यायचं नाही."

"दुआच्या समोर. माझ्या नव्हे."

त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं, की हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. खिशातून एक हात बाहेर आला, हवेत काहीतरी म्हणायला गेला आणि परत खाली आला.

"पाहुणा बदलायला हवा, हे मला दुसऱ्या आठवड्यातच कळत होतं," तो म्हणाला. "मीही तीच पुस्तकं वाचलीत. रोज जिना उतरताना ठरवायचो, आज सांगायचं."

"मग का नाही सांगितलंत?"

"तुम्ही परीक्षेत जे उत्तर दिलंत... तेच माझं."

वर टोपलीपाशी कोणीतरी मोठ्याने खाकरलं. नशवाने ओढणी सारखी केली, उगाचच. ती सारखीच होती.

"शुक्रवारी उशीर करू नका," ती म्हणाली. "बाबा जेवले की झोपतात."