माजघरातला डाग

१८९४ च्या माघात नानांचं दुसरं लग्न ठरलं, तेव्हा घर आवरायला मी सासरहून माहेरी, मुगभाटात आले. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. भांडी घासली, भिंतींना चुना दिला. उरला माजघरातला सागवानी खांब. दुपारची कामं उरकली की आई रस्त्याकडे तोंड करून त्याला टेकायची. तिच्या डोक्याच्या माक्याच्या तेलाने तिथे ताटलीएवढा काळा डाग पडला होता.

नवी मुलगी, मालन, माझ्याहून कितीतरी लहान. रोज उठून तिने आधीच्या बाईचा डाग पाहावा, हे मला नको होतं.

सोनूआत्याचं म्हणणं वेगळं. मालनच्या गळ्यात सवतीचा टाक हवा, आईच्या नावाचा चांदीचा पत्रा. "खांब कसला धुतेस? सोनाराकडे जा. पहिलीला मान नाही दिला तर ती पोरीला सुखाने बसू देईल होय?"

"आई कधी कुणाच्या वाटेला गेली नाही, आत्या."

पुस्तकं वाचून हिला फार कळायला लागलंय, असं आत्याने नानांना ऐकवलं. नानांनी माझं ऐकलं. टाक केला नाही.

रिठ्याच्या कोमट पाण्याने मी खांब धुतला, तेल शोषायला चुन्याचा लेप दिला, वाळल्यावर रेषेरेषेने काचकागद फिरवला. खाली मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. त्यावरून मी दोनदा हात फिरवला. काम नीट झालं होतं.

सकाळी डाग परत होता. मुरलेलं तेल उष्णतेने वर येतं, असं सुतारकाम करणारा उत्तम म्हणाला. पटण्यासारखं होतं. त्याने रंधा मारला. साली मात्र अगदी कोरड्या निघाल्या.

मग ती बाजू स्वच्छच राहिली.

लग्नाच्या आदल्या दिवशी डाग पलीकडच्या बाजूला दिसला. तिथे आजवर पाण्याची घडवंची होती. कुणी कधी टेकलं नव्हतं. उंची तीच. बोट लावलं, तर ओलं झालं. माक्याचा वास आला.

त्या बाजूला टेकलं, की तोंड स्वयंपाकघराकडे होतं.

तेल आरपार झिरपलं असणार, असं ठरवून मी ते पुसून टाकलं.

लग्नानंतरच्या पहिल्या दुपारी मालन झाकपाक करून माजघरात आली. दमली होती. तरी खांबापासून हातभर दूर, पाठ ताठ ठेवून बसली.

"टेक की खांबाला," मी म्हणाले. "तुझंच घर आहे."

तिने खांबाकडे पाहत ओठांवर बोट ठेवलं.

"ताई, हळू बोला. आत्ता कुठे त्यांचा डोळा लागलाय."