शेवटचा घास

दक्षिण गोलार्धातली जुलैची थंडी पडली की वॉटरबर्ग डोंगराच्या पायथ्याशी गुद्रूनच्या शिकारफार्मवर पाहुण्यांची तयारी सुरू व्हायची. लोकरी पांघरुणं उन्हात पडायची. मांस टांगायच्या थंड खोलीतले आकडे उकळत्या पाण्याने घासले जायचे. स्वयंपाकीण योझेफिना कांदे चिरता चिरता जर्मनीहून येणाऱ्या पाहुण्यांच्या पोटांची थट्टा करायची. गुद्रूनचा नवरा एकार्ट होता तेव्हाही हे असंच चालायचं. तेव्हा दिवे रॉकेलचे होते आणि पाहुणे जास्त जेवायचे, एवढंच.

या वर्षी जेवत नव्हता तो तिचा मुलगा, डेटलेफ.

"बटाटे तरी घे."

"भूक नाही गं आई."

"कालही नव्हती."

"मग झालं तर. सवय लागली."

"बायको बघा त्याला, बाई," योझेफिना चुलीजवळून म्हणाली. "पन्नाशीला आलं पोरगं, किती दिवस आईच्या हातचं गिळणार?"

डेटलेफ हसला आणि ताट सरकवून उठला. वाळला मात्र नव्हता. उलट मानेला भर आला होता. सदऱ्याचं वरचं बटण लागत नव्हतं.

गुद्रूनला राहून राहून गेला हिवाळा आठवायचा. जनावर पडलं की शिकाऱ्याने टोपी काढायची, जवळच्या झाडाची हिरवी डहाळी मोडायची आणि त्याच्या तोंडात ठेवायची, ही त्यांच्याकडची रीत. शेवटचा घास. एकार्ट आधी गवताची काडी जनावराच्या डोळ्याला लावायचा, पापणी हलत नाही ना ते बघायचा. घास मेलेल्यालाच द्यायचा असतो. गेल्या वर्षी अंधारत आलं होतं, पाहुण्यांना घाई होती. पिळदार शिंगांचा थोरला कुडू पडला होता, घोड्याएवढं हरीण. डेटलेफने डोळा न बघताच त्याच्या तोंडात डहाळी ठेवली आणि गाडी आणायला गेला. परतला तेव्हा तिथे नुसतं दबलेलं गवत होतं.

"घास घेऊन गेला," असं सांगून तेव्हा तो हसला होता. गुद्रूनला हसू आलं नव्हतं.

हिवाळ्यात कुडू कुंपणावरून उडी मारून बाग फस्त करतात. या वर्षी सकाळी वाफ्यांमध्ये खुरांचे ठसे होते, मोठे, खोल. कोबीला तोंड लागलेलं नव्हतं. ठसे डेटलेफच्या खिडकीशी थांबले होते. परत जाणारे ठसे तिला सापडले नाहीत. तिने खराट्याने वाफे सारखे केले आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दुपारी तो ओसरीवर उन्हात बसला होता, डोळे अर्धवट मिटून. त्याचा जबडा हलत होता. आडवा, सावकाश.

"काय खातोयस?"

"काही नाही."

लहानपणी दाखवायचा तसं त्याने तोंड उघडून दाखवलं. आत काही नव्हतं. जीभ हिरवट होती आणि ओल्या पाल्याचा वास आला.

"उद्या झाडीत जाऊ नकोस," गुद्रून म्हणाली.

"मी नाही गेलो तर ही मंडळी एकमेकांनाच टिपतील."

"टिपू देत. तू घरी थांब."

"का?"

भरलेल्या बंदुका झाडीत फिरणार होत्या आणि तिचा मुलगा त्यांच्यामध्ये असणार होता. इतकी वर्षं तसाच असायचा. याहून जास्त तिला सांगता येईना.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

"बरं बाई. थांबतो."

तिला हायसं वाटलं.

पाहुणे आले. झाडीत जाण्याआधी प्रत्येकाने घरामागच्या बंधाऱ्याजवळच्या फळीवर एक गोळी झाडून नेम तपासायचा, हा एकार्टचा नियम. ब्रोयर नावाचा दंतवैद्य पहिला बसला.

"दातावर मारल्यासारखं मारू नका, डॉक्टर," डेटलेफ म्हणाला. "भूल दिलेली नाही."

सगळे हसले. गोळी सुटली. फळीच्या मधोमध भोक पडलं.

गुद्रूनने कौतुक करायला मान वळवली, तर शेजारी डेटलेफ नव्हता.

तो पळत होता. कोरडी नदी ओलांडून, काटेरी झाडीकडे. वाटेतलं छातीएवढं कुंपण त्याने एका उडीत पार केलं.

कुणी हसलं नाही.

कुडू असाच मरतो. पळतो, सुटतो, आणि झाडीच्या कडेला थांबून एकदा मागे बघतो. सगळे शिकारी त्या क्षणाचीच वाट बघत असतात.

"थांबू नकोस," गुद्रून पुटपुटली. "जा रे."

तो थांबला. खांद्यावरून मान वळवली.

तिच्यामागे बंदुकीत नवी गोळी चढवल्याचा आवाज झाला. ब्रोयर उठून उभा होता. नळी वर होती, चेहरा शांत होता.

"केवढा देखणा आहे," बाजूचा पाहुणा त्याच्या कानाशी म्हणाला.

गुद्रून चालत गेली आणि नळीसमोर उभी राहिली.

"बाई, जरा बाजूला व्हा," ब्रोयर हळूच, अगदी अदबीने म्हणाला. "जाईल तो."

ती हलली नाही. मागे काटेरी फांद्या कशाला तरी घासून कडकडल्या, खूप उंचावर, माणसाच्या डोक्याच्याही वर.

तिने वळून बघितलं नाही.