रोटर काढलेलं घड्याळ

हसताय काय? भुतांच्या बातम्या छापून पेपर खपवणाऱ्यांशी मी जन्मभर भांडलोय. पण हा घड्याळजी माझा मित्र, आणि हे त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलंय.

त्याचं लग्न उशिरा झालं, एका विधवेशी. एके दिवशी तिनं पहिल्या नवऱ्याचं घड्याळ त्याच्यापुढं धरलं. "अहो, एवढं साफ करून आणाल? वर्षभर कपाटात पडलंय."

एकवीस खड्यांचं जुनं ऑटोमॅटिक. त्याला चावी देताच येत नाही. आत अर्धगोल वजन असतं, रोटर. मनगट हललं की तो फिरतो आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. काढून ठेवलं की दोन दिवसांत बंद.

हे चालू होतं.

"कोण घालतं हे?"

"कोण घालणार? काहीतरीच तुमचं!"

त्याच्या डोक्यात बसलं, ही चोरून घालते. माझ्याकडं आला तेव्हा मी चांगला झापला त्याला. "अरे, मेलेल्या माणसावर कसला जळतोस? लाज वाटत नाही?" ऐकेल तर शपथ! दुकानात मागचं झाकण उघडून त्यानं रोटर काढला, ड्रॉवरमध्ये टाकला. घड्याळ घरी आणून कपाटात कुलूपबंद केलं. म्हणे, हे एकदा थांबलं, की ती माझी. तोवर तिच्याशी बोलणं बंद. पलंगाच्या कडेला, पाठ फिरवून झोपायचा.

पाचवी रात्र. मंगळवार. पावणेदोनला त्याला जाग आली.

टिक... टिक...

कपाटातून नाही. पलंगावरून.

मग... खर्रर्र.

रोटर फिरल्याचा आवाज. रोटर तर दुकानात!

शांतता...

पुन्हा खर्रर्र. झोपेत कुणी हात हलवावा, तसा. त्याच्या पाठीमागं. त्याच्या आणि तिच्या मधे.

ती झोपेत हसली.

त्याला वळायचं होतं. मान वळेना...

उजाडलं. कपाटाचं कुलूप तसंच होतं. ती आरशापुढं केस विंचरत होती. इतक्या खुशीत त्यानं तिला कधीच पाहिलं नव्हतं.

"राग गेला वाटतं साहेबांचा," ती म्हणाली. "रात्रभर जवळ घेऊन झोपलात."

तिनं केस बाजूला घेतले. खांद्यावर ताजा, लाल, चौकोनी वळ होता. घड्याळाच्या पट्ट्याच्या बकलाचा.