दोन लिटर

"माझ्या वडिलांना नर्सनं झोपेची गोळी देऊन मारलं," काचेच्या दुकानाचा मालक म्हणाला. "उद्या मी पोलिसांत जाणार. त्याआधी मला पुरावा हवाय."

गुप्तहेर बाईंना सगळे मावशी म्हणत. खरी मावशी त्या एकाचीच, आणि तो भाचा पिशवी सांभाळत मागे उभा होता. त्याचं डोकं जरा सावकाश चाले, पण प्रश्न कायम तोंडावर.

"आजार काय होता?" त्यानं विचारलं.

"सीओपीडी. फुप्फुसांचं जुनं दुखणं. श्वास बाहेर पडतानाच अडायचा. रात्रंदिवस ऑक्सिजनचं मशीन. त्या संध्याकाळी नर्स घरी गेली आणि बाबांना धाप लागली. नेब्युलायझरनं औषधाची वाफ दिली, तरी उतरेना. बोलवत नव्हतं, सारखे मशीनकडे हात करत होते. मी त्यांचा हात धरून बसलो. बोटावरचा ऑक्सिमीटर एकोणनव्वद दाखवत होता, तो माझ्यादेखत अठ्ठ्याण्णववर गेला. मग मी निर्धास्त झोपलो. सकाळी पाहतो तर बेशुद्ध. शुद्धीवर आलेच नाहीत. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला, असं डॉक्टर म्हणाले. झोपेच्या गोळीनं श्वास मंदावला की साठणारच."

दुकानदाराच्या बायकोनं गोळ्यांची पट्टी आणून दिली. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"रात्री पाणी द्यायला गेले होते," ती म्हणाली. "डोकं दुखतंय म्हणाले. गाल लाल, हात गरम. मग गाढ झोपले. मला बरंच वाटलं, कितीतरी दिवसांनी झोप लागली होती हो."

नर्स मशीन पुसत होती. आता त्याचं कुणाला काम नव्हतं, तरी पुसत होती.

"सिस्टर, ही पाण्याची बाटली कशाला?" मावशींनी विचारलं.

"ऑक्सिजन यातून बुडबुडत नळीत जातो, नाक कोरडं पडू नये म्हणून. संध्याकाळी मी भरून गेले होते. एरवी रात्रीत निम्मीही संपत नाही. सकाळी कोरडी ठणठणीत."

"आणि हा काचेच्या नळीतला मणी? किती ऑक्सिजन जातोय ते दाखवतो ना?"

नर्सचा हात थांबला. "दोन लिटरवर होता. डॉक्टरांनी दोनच सांगितलेला. आजोबांना आणि मला. साहेब तेव्हा दुकानात होते."

मावशींनी सगळ्यांना बसवलं. त्यांना स्वतःला मात्र बसवेना.

"गोळी कुणी दिलीच नाही. बाटली रात्रीत आटली, म्हणजे ऑक्सिजन फार जोरात वाहत होता. सकाळी मणी तुम्ही खाली आणलात ना, सिस्टर?"

"पाचवर होता," नर्स रडू लागली. "माझ्यावरच आळ आला असता."

"पण ऑक्सिजन जास्त मिळाला तर चांगलंच की," भाचा म्हणाला.

"या आजारात काहींना तो बाधतो. कार्बन डायऑक्साइड आत साठत जातो. डोकं दुखतं, गाल लाल होतात, गुंगी येते. बघणाऱ्याला वाटतं, झोप लागली. अशांना नव्वदच्या आसपास पुरतं. एकोणनव्वद ठीकच होतं." मावशींना आपला धंदा नकोसा झाला. "नुसता हात धरून अठ्ठ्याण्णव होत नाही, साहेब."

"मी वाढवला," दुकानदार म्हणाला. "त्यात सांगण्यासारखं काय होतं? ऑक्सिजनच तर होता. आधी तीनवर नेला. तेव्हा बाबा मशीनकडे हात करू लागले. मला वाटलं, अजून हवाय. म्हणून पाचवर नेला."

तो नर्सकडे वळला. "दोनच ठेवायचा, हे बाबांना माहीत होतं?"

नर्सनं होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे कमी करायला हात करत होते." तो आपल्या तळव्याकडे बघत राहिला. "आणि मी तो धरून ठेवला. झोप लागेपर्यंत सोडलाच नाही."