पडद्याआडचं उत्तर

अमरावतीत वलगाव रस्त्याला आमच्या महिला मंडळाच्या दोन खोल्या होत्या. घरी मार खाऊन आलेल्या बायका तिथं राहत. १९६२ साली मी मंडळाची चिटणीस होते. नियम एकच. नवरा न्यायला आला की त्यानं ओसरीवरून विचारायचं आणि बाईनं पडद्याआडून स्वतः उत्तर द्यायचं. आत स्वयंपाकीण गोदाबाई तिचा डावा हात धरून उभी राही. उजवीकडे भिंत. बाई ‘नाही’ म्हणाली की विषय संपला. हे आता गावोगाव माहीत झालं होतं.

होळीनंतरच्या एका दुपारी नांदगाव खंडेश्वरकडचा शालिकराम आला. साक्षीला गावचे पोलीस पाटील शेषराव.

“मायी केशर कालपासून घरी नाई. तुमच्याइथंच पळून आली. धाडा तिले,” तो रडत म्हणाला.

रडणं जरा जास्तच होतं. मला त्याची चीड आली. केशर नावाची कोणी आमच्याकडे आलीच नव्हती. त्या वेळी तर आत कोणीच नव्हतं. बायका शिवणाच्या वर्गाला गेल्या होत्या आणि गोदाबाई माझ्याजवळ बसून डाळ निवडत होती.

मी तसं सांगितलं. तरी पाटलांचं समाधान व्हावं म्हणून म्हणाले, “हाक मारून बघा.”

शालिकराम खाकरला. “केशर, चालतं का घरी?”

पडदा हलला नाही.

“नाई येत,” आतून आवाज आला. “पयले माह्या छातीवरचे गोटे काढ.”

गोदाबाईच्या हातातलं सूप पडलं.

“आवाज तिचाच हाये,” पाटील म्हणाले.

शालिकराम चपला सोडून पळाला. पाटलांनी त्याला फाटकापाशी धरलं.

मी पडदा सारला. खोली रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी केशर त्याच्याच शेतातल्या पडक्या विहिरीत सापडली, दगडांखाली.

वैशाखात दर्यापूरची रुख्मिणी आली. मागोमाग नवराही आला आणि ओसरीवर आरडाओरडा करू लागला. आत तिची वाचाच बसली. ही आता परत जाणार आणि जिवाला मुकणार, अशी मला ओसरीवर भीती वाटली.

मग ती खणखणीत बोलली, “नाई येत.”

तो गेला. मी आत जाऊन तिची पाठ थोपटली.

“दोघींनी दोन हात धरले, म्हून जमलं,” ती म्हणाली.

गोदाबाईनं माझ्याकडे पाहिलं.

रुख्मिणी उजवा तळवा पदराला पुसत होती. पदराला ओली काळी माती लागली.